गळती, भेगा आणि कंत्राटदाराला द्यायची नोटीस

वाचकाचं पत्र:

डोंबिवली पूर्वेला आमची चार मजली, ३२ फ्लॅटची सोसायटी आहे. इमारत २८ वर्षांची. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही मोठी दुरुस्ती काढली: बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि रंग. काम ४८ लाखांचं झालं. ३१ मे २०२४ रोजी व्हर्च्युअल कम्प्लिशन सर्टिफिकेट (काम जवळपास पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालं. करारात २४ महिन्यांचा डिफेक्ट लायबिलिटी पिरियड, म्हणजे कंत्राटदाराने कामातले दोष दुरुस्त करून द्यायचा कालावधी, आहे. ५ टक्के रिटेन्शन (कंत्राटदाराच्या बिलातून हमी म्हणून रोखलेली रक्कम), म्हणजे २ लाख ४० हजार रुपये, सोसायटीकडे आहेत. गच्चीची सात वर्षांची गॅरंटी कंत्राटदाराने स्टॅम्पपेपरवर दिली आहे.

पहिल्या पावसाळ्यात थोडी ओल आली होती, ती तोंडी सांगितली. या, म्हणजे २०२५ च्या, पावसाळ्यात मात्र वरच्या मजल्यावरचे तीन फ्लॅट गळताहेत, पश्चिमेच्या भिंतीला भेगा आहेत, जिन्यात रंगाचे पापुद्रे सुटलेत. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून मी थकले. दोनदा एक मुलगा बादलीभर केमिकल घेऊन आला आणि लावून गेला. आता कंत्राटदार म्हणतो, सभासदांनी एसी आणि डिश बसवायला भोकं पाडली, त्यामुळे गॅरंटी संपली. वर रिटेन्शनचे पैसे मागतो. पीएमसी (कामावर देखरेखीसाठी नेमलेले सल्लागार) म्हणतात, आमचं काम संपलं. सभासद म्हणतात, दुसरा माणूस बोलवा आणि याच्या पैशातून कापा. करारात असं कलम आहे की लेखी सूचना मिळाल्यापासून सात दिवसांत कंत्राटदाराने काम सुरू केलं नाही तर सोसायटी त्याच्या ‘रिस्क अँड कॉस्ट’वर, म्हणजे त्याच्या जोखमीवर आणि खर्चाने, काम करून घेईल. आम्ही अजून लेखी काहीच दिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

— सचिव, डोंबिवली

ताई, नमस्कार.

पहिल्यांदा सभासदांना थोपवा. दुसरा कंत्राटदार आत्ता गच्चीवर चढता कामा नये. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ शेवटून दुसरी आहे: ‘आम्ही अजून लेखी काहीच दिलेलं नाही.’ ज्या कलमावर सभासद उड्या मारताहेत, ते कलम लेखी सूचनेपासून सुरू होतं. सूचना नाही, तर सात दिवस नाहीत. सात दिवस नाहीत, तर ‘रिस्क अँड कॉस्ट’ही नाही. आज दुसऱ्या माणसाकडून गच्ची करून घेतली तर त्याचं बिल सोसायटीच्याच माथी बसण्याची भीती आहे.

यामागचं कारण सभासदांना नीट समजावून सांगा, कारण त्यांचा राग खरा आहे. डिफेक्ट लायबिलिटी पिरियडमध्ये परत येऊन दुरुस्ती करणं हे कंत्राटदाराचं कर्तव्य असतंच, पण बहुतेक करारांत ती त्याला मिळालेली संधीही असते. त्याच्याकडे माणसं आहेत, माल आहे. त्याला जे काम ४० हजारांत पडेल, त्याचे नवा माणूस दीड लाख घेईल. सूचना न देता तुम्ही दीड लाख खर्च केलेत तर तो म्हणणार, मला सांगितलं असतं तर मी करून दिलं असतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७३ नुकसानभरपाईचं आहे. नुकसान मोजताना ते टाळायला किंवा कमी करायला तुमच्या हातात कोणते उपाय होते, तेही पाहावं, असं त्याच्या स्पष्टीकरणात आहे. दुसरी गोष्ट पुराव्याची. नव्या माणसाने जुना कोबा (गच्चीवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) फोडला की आधीचं काम कसं झालं होतं हे कुणालाच दाखवता येत नाही.

एका बाबतीत मात्र थांबू नका. पश्चिमेच्या भिंतीचं प्लास्टर सुटून खाली पडायच्या बेतात असेल, खालून मुलं जात असतील, तर त्याच दिवशी जागा अडवा, जाळी बांधा, सुटलेला भाग उतरवून घ्या. आधी फोटो काढा, पडलेला तुकडा पिशवीत घालून ऑफिसात ठेवा आणि कंत्राटदाराला त्याच दिवशी लेखी कळवा की धोका होता म्हणून एवढंच केलं, कायमच्या दुरुस्तीसाठी तुमची वाट पाहतो आहोत. माणसाच्या जिवापुढे करारातलं कुठलंही कलम मोठं नाही.

आता नोटीस. याच ठिकाणी बहुतेक सोसायट्या घसरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोसायट्यांच्या नोटिशी साधारण अशा असतात: ‘आपण केलेलं वॉटरप्रूफिंग पूर्णपणे फेल गेलं असून निकृष्ट माल वापरल्याचं सिद्ध होतं. तरी गच्चीवर पुन्हा केमिकल कोटिंग त्वरित करून द्यावं.’ यात तीन चुका आहेत. पाणी कुठे, कधी, किती येतं याचा पत्ता नाही. कारण ठरवून टाकलंय, आणि ते सिद्ध करण्याचं ओझं आता सोसायटीवर. सगळ्यात वाईट म्हणजे उपायही तुम्हीच सांगितलाय. उद्या त्याने एक हात कोटिंग मारलं आणि गळती तशीच राहिली, तर तो म्हणेल, तुम्ही सांगितलं ते केलं. गळती थांबवणं ही त्याची जबाबदारी होती, कोटिंग मारणं ही नव्हे. उपाय काय करायचा ते त्यालाच ठरवू द्या, आणि त्याने काय ठरवलं ते त्याच्याकडून लेखी घ्या.

तेव्हा नोटिशीत फक्त जे दिसतं ते लिहा. असं:

‘डी-१. फ्लॅट ४०२, बेडरूम, छताचा ईशान्य कोपरा. अंदाजे ३ फूट बाय २ फूट ओल. प्रथम दिसली १८ जून २०२५. पाऊस थांबल्यावरही पाच-सहा तास पाणी ठिबकतं. या जागेच्या वर गच्चीवर पॅरापेटच्या (कठड्याच्या) वाट्याला, म्हणजे कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यावरच्या गोलाईला, सुमारे ४ फूट लांबीची भेग दिसते. फोटो १ ते ४ सोबत.

डी-२. पश्चिमेची बाहेरची भिंत, तिसरा मजला, जिन्याच्या खिडकीखाली. आडवी भेग, लांबी सुमारे ७ फूट. ठोकल्यावर भेगेच्या वरच्या बाजूचं प्लास्टर पोकळ वाजतं. फोटो ५ व ६.’

प्रत्येक दोषाला स्वतंत्र क्रमांक हवा. तीन फ्लॅटची गळती एका ओळीत गुंडाळू नका, कारण एक बंद झाली आणि दोन राहिल्या तर हिशेब लागत नाही. ‘भयंकर’, ‘निकृष्ट’, ‘फसवणूक’ हे शब्द पूर्ण वगळा. खाली एवढंच मागा: करारातल्या अमुक कलमानुसार ही दोषांची लेखी सूचना आहे, सात दिवसांच्या आत संयुक्त पाहणी करून काम सुरू करावं, प्रत्येक दोषाचं कारण, दुरुस्तीची पद्धत आणि तारखा लेखी कळवाव्यात, मुदतीत काम सुरू न झाल्यास सोसायटी करारानुसार आपल्या रिस्क अँड कॉस्टवर ते करून घेण्याचा हक्क राखून ठेवते. आणखी एक वाक्य न चुकता घाला: ‘ही यादी आज दिसणाऱ्या दोषांची आहे, पुढे आढळणारे दोष स्वतंत्रपणे कळवले जातील.’ नाहीतर सप्टेंबरात चौथा फ्लॅट गळला की ‘यादीत नव्हता’ हे उत्तर तयारच असतं.

पहिल्या पावसाळ्यातली ओलही याच नोटिशीत नोंदवा. कुठे होती, कुणाला, साधारण कधी सांगितली. त्या वेळचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर त्यांच्या तारखा द्या. मुलगा दोनदा केमिकल लावून गेला त्याचीही नोंद करा. तो आला, याचा अर्थ कंत्राटदाराने तेव्हा दुरुस्ती आपल्या अंगावर घेतली होती. ‘गॅरंटी संपली’ हे त्याला नंतर सुचलं.

व्हॉट्सॲपचे मेसेज वाया गेले असं समजू नका. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीही पुरावा म्हणून देता येतात. सोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम ६५-ब म्हणून ओळखलं जायचं. त्यामुळे तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका, संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. पण करारात ‘लेखी सूचना अमुक पत्त्यावर’ असं असेल तर त्या कलमाची पूर्तता व्हॉट्सॲपने झाली की नाही यावर उगाच वाद होईल. तो वाद विकत घ्यायचं काही कारण नाही.

नोटीस तीन मार्गांनी पाठवा. एक प्रत हाती देऊन ओसीवर (आपल्याकडे राहणाऱ्या ऑफिस कॉपीवर) सही, शिक्का, तारीख घ्या. दुसरी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसकट, करारात लिहिलेल्या पत्त्यावर. त्याचं नवं ऑफिस माहीत असेल तर तिथेही. तिसरी ईमेलने, फोटोंसह. व्हॉट्सॲपवर फक्त ‘आज नोटीस पाठवली आहे’ एवढं टाका. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं तर घाबरू नका आणि ते उघडूही नका. योग्य पत्त्यावर, टपाल भरून पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो. पोचलं नाही हे दाखवायची जबाबदारी मग समोरच्यावर येते. बंद पाकीट शेऱ्यासकट तसंच फायलीत ठेवा.

भोकांचा मुद्दा टाळू नका, ताई. त्याला थेट सामोऱ्या जा, कारण त्यात थोडं तथ्य असू शकतं. डिशचा स्टँड गच्चीच्या कोब्यात खिळे ठोकून बसवला असेल तर तेवढ्या जागेतून पाणी शिरू शकतं. त्यासाठी पाहणीच्या आधी समितीने स्वतः गच्चीचा एक साधा नकाशा काढावा: पॅरापेट, पाइपांची तोंडं, पाण्याच्या टाक्या, डिशचे स्टँड, एसीचे आउटडोअर युनिट. त्यावर खालच्या गळतीच्या जागा लाल पेनाने उमटवा. बऱ्याचदा एवढ्यानेच निम्मं भांडण मिटतं. भोक पूर्वेच्या टोकाला आणि गळती पश्चिमेच्या कोपऱ्यात असेल, तर नुसत्या एका स्टँडवर सगळी गच्ची ढकलता येत नाही. अर्थात पाणी कोब्याच्या आतून बरंच लांबही सरकतं, म्हणून नकाशावरून निकाल देऊ नका, चाचणी करा. आणि एखादी गळती खरोखरच डिशच्या भोकाखालीच असेल तर ती यादीतून वेगळी काढा, त्या सभासदाकडून दुरुस्त करून घ्या आणि तसं कंत्राटदाराला कळवा. एक दोष प्रामाणिकपणे बाजूला ठेवलात तर बाकीच्या यादीचं वजन वाढतं.

गच्चीची खरी परीक्षा म्हणजे पाणी साठवून पाहणं. पावसाच्या पाइपांची तोंडं बंद करायची, दोन-तीन इंच पाणी ४८ तास ठेवायचं, खाली छतावर ओलीची कड पेन्सिलने आखून वेळ लिहायची. मात्र तुमची इमारत २८ वर्षांची आहे. तीन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ७५ किलो वजन. चालण्या-फिरण्याच्या गच्चीचा हिशेब सहसा चौरस मीटरला १५० किलो धरून केलेला असतो. तरी स्लॅबच्या सळ्या गंजल्या असतील तर त्या हिशेबावर विसंबता येत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी साठवू नका. साठवायचं तर मध्ये छोटे बांध घालून, एका वेळी एक भाग. चाचणीच्या वेळी कंत्राटदाराचा माणूस हजर असू दे. तो आलाच नाही तर त्याला वेळ कळवल्याचा ईमेल फायलीत असू दे. खर्च कुणाचा हे आधीच लिहून ठेवा: दोष कंत्राटदाराच्या कामाचा निघाला तर त्याचा, नाहीतर सोसायटीचा.

याच्या जोडीला एक साधी गोष्ट पाहा. चार-पाच कोरडे दिवस गेल्यावरही ठिबकत असेल तर संशय पाण्याच्या टाकीवर आणि तिथून उतरणाऱ्या पाइपांवर घ्या. ते काम त्याच्या करारात नसेलही. असा दोष त्याच्या नावावर चढवलात तर त्याला बोलायला जागा मिळते.

भेगांचंही तसंच. वीटकाम आणि आरसीसी बीम यांच्या सांध्यावर आडवी भेग असेल तर बीओक्यूमध्ये (कामांच्या, मापांच्या आणि दरांच्या यादीत) चिकन मेशची, म्हणजे प्लास्टरखाली लावायच्या तारेच्या जाळीची, बाब होती का, तिचे पैसे दिले का, हे रनिंग बिलांत (काम चालू असताना दिलेल्या बिलांत) तपासा. जाळीचे पैसे दिलेत आणि फोडल्यावर जाळी नाही, तर वादाला काही उरत नाही. पण कॉलमच्या कडेने उभी भेग आणि तिच्यातून तांबूस डाग उतरत असेल तर प्रकरण वेगळं आहे. आत सळी गंजून फुगत असू शकते. ती भेग नुसती भरून रंगवली की आजार झाकला जातो. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग कंत्राटदार. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने छोटी रेघ मारून तारीख लिहा. महिन्याभराने भेग त्या रेघेपुढे गेली तर ती वाढते आहे, हे कुणालाही दिसेल.

जिन्यातले पापुद्रे शेवटी. भिंत ओली असेल तर आधी ओल बंद व्हायला हवी, त्यावर आत्ता रंग मारून घेऊ नका.

आता तुमच्या पत्रातली जी तारीख मला सगळ्यात जास्त खटकली तिच्याकडे येतो. तुमचा २४ महिन्यांचा कालावधी ३१ मे २०२६ ला संपतो. भर पावसात गच्चीचं पक्कं वॉटरप्रूफिंग होत नाही, त्याला कोरडा पृष्ठभाग लागतो. म्हणजे खरं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होणार. त्या दुरुस्तीवर पहिला मोठा पाऊस पडणार जून २०२६ मध्ये, आणि तेव्हा डिफेक्ट लायबिलिटी पिरियड संपून गेलेला असेल. कंत्राटदार नोव्हेंबरात नीट वागेल, मेअखेर रिटेन्शन मागेल, कागदावर सगळं बरोबर असेल आणि जूनमध्ये ४०२ पुन्हा गळेल. हे मी अनेक सोसायट्यांत पाहिलंय आणि दरवेळी तितकंच वाईट वाटतं, कारण एका परिच्छेदाने ते टळलं असतं.

तो परिच्छेद म्हणजे दुरुस्त केलेल्या भागासाठी मुदतवाढ. तुमच्या करारात अशी तरतूद आधीच आहे का ते पाहा. काही करारांत दुरुस्त भागाचा कालावधी दुरुस्तीच्या तारखेपासून नव्याने मोजतात. नसेल तर संयुक्त पाहणीच्या टिपणीत लिहून दोघांच्या सह्या घ्या: ‘डी-१ ते डी-… या बाबींसाठी दोषदायित्वाची मुदत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत राहील आणि त्यांच्या अंदाजे खर्चाइतकी रिटेन्शनची रक्कम तोवर सोसायटीकडे राहील.’ आत्ता, गळती चालू असताना आणि त्याचे पैसे तुमच्याकडे असताना, ही सही मिळू शकते. मे महिन्यात मिळणार नाही.

पक्क्या कामाला वेळ आहे म्हणून पावसाळाभर फ्लॅट गळत ठेवायचे का? मुळीच नाही. सात दिवसांत काम सुरू करायचं कलम आहेच. त्याखाली त्याच्याकडून तात्पुरता बंदोबस्त मागा: गळत्या भागावर ताडपत्री, पाइपांची तोंडं साफ करणं, वाट्याच्या भेगेत तात्पुरतं सीलंट. फक्त टिपणीत ‘तात्पुरतं’ हा शब्द असू द्या आणि पक्क्या कामाच्या तारखाही त्याच कागदावर. नाहीतर बादलीभर केमिकलचाच तिसरा फेरा होईल आणि तो त्याला दुरुस्ती म्हणेल.

सात वर्षांची गॅरंटी काढून पुन्हा वाचा. सही कुणाची आहे? कंत्राटदाराची, त्याने नेमलेल्या वॉटरप्रूफिंगवाल्याची की केमिकल कंपनीची? कंपनीची असेल तर ती बहुतेकदा फक्त मालाची असते, मजुरीची नव्हे. अपवाद काय लिहिलेत? ‘गच्चीवर कुठलंही भोक पाडल्यास गॅरंटी रद्द’ असं असेल तर संपूर्ण गच्चीची रद्द की तेवढ्या भागाची, याला महत्त्व आहे. आणि नुसत्या तोंडी बोलण्याने गॅरंटी रद्द होत नाही. कुठल्या अटीखाली रद्द झाली हे त्याला लेखी विचारा. नोटिशीत करारातलं कलम आणि ही गॅरंटी, दोन्हींचा उल्लेख करा. एक हक्क दुसऱ्याच्या जागी येत नाही.

रिटेन्शनबद्दल सभासदांना माझं म्हणणं पटणार नाही कदाचित, पण सांगतो. ते पैसे दंडासाठी ठेवलेले नाहीत. दोष दुरुस्त होईपर्यंतची ती हमी आहे. जिन्यातल्या पापुद्र्यांसाठी २ लाख ४० हजार अडवून बसलात तर उद्या लवादासमोर किंवा कोर्टात सोसायटीच आडमुठी दिसेल. करारात अर्धी रक्कम एका वर्षाने सोडायची असं असेल तर तेही पाहा. त्याची मागणी त्या कलमाची असेल तर नुसतं ‘नाही’ म्हणू नका. ‘अमुक दोष प्रलंबित, अंदाजे खर्च इतका, म्हणून इतकी रक्कम रोखली’ असं हिशेबासकट लेखी उत्तर द्या. त्या हिशेबासाठी दोन-तीन कोटेशनं मागवा, पण तेच काम, तेवढंच काम. जुन्या ब्रिकबॅट कोब्याच्या दुरुस्तीऐवजी नवी महाग मेम्ब्रेन सिस्टीम (पाणी अडवणारा पडदा) घालून तिचं बिल त्याच्यावर टाकता येणार नाही. चांगल्यात चांगलं करायचं असेल तर फरक सोसायटीने भरायचा.

सात दिवस उलटले आणि तो फिरकलाच नाही, तर लगेच हातोडा उचलू नका. एक शेवटची नोटीस द्या, छोटी मुदत आणि नेमकी तारीख घालून: या तारखेपासून आम्ही दुसऱ्याकडून काम करून घेत आहोत, त्याआधी यायचं असेल तर या. करार ती मागत नसला तरी द्या. नवं काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी स्वतंत्र इंजिनिअरकडून फोटोंसह अहवाल घ्या, कोबा फोडताना व्हिडिओ काढा, सांध्यातला एखादा तुकडा जपून ठेवा. मग खर्चाची बिलं जोडून वजावटीचं पत्र.

पीएमसींना सोडू नका. त्यांचा नेमणूकपत्राचा कागद काढा. दोषांची पाहणी करणं आणि कालावधी संपताना अंतिम प्रमाणपत्र देणं हे सहसा त्यांच्याच कामात येतं, आणि त्यांच्या फीचा शेवटचा हप्ता बहुधा त्यालाच बांधलेला असतो. नोटीस सोसायटीने द्यायची की पीएमसींनी, हेही कराराच्या कलमात पाहा. पीएमसींनी द्यायची असेल आणि ते हलत नसतील तर सोसायटीच्या लेटरहेडवर देऊन त्यांना प्रत पाठवा, आणि त्यांनाही लेखी विचारा की तुमचं काम कोणत्या कलमाने संपलं.

एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्या सभेत कुणीतरी रेराचं, म्हणजे बिल्डरांवरच्या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचं, नाव काढणारच. रेरा कायद्याच्या कलम १४(३) मध्ये ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष बिल्डरने ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचे, असं आहे. ते प्रवर्तक (म्हणजे बिल्डर) आणि घर घेणारा यांच्यातलं. सोसायटीने नेमलेल्या दुरुस्तीच्या कंत्राटदाराला ते लागू नाही. तुमचं बळ तुमच्या करारात आहे. पुढे कज्जा करावाच लागला तर ग्राहक आयोगाकडे साधारण दोन वर्षं आणि दिवाणी दाव्याला तीन वर्षं अशी मुदत असते. ती नेमकी कधीपासून धरायची हे वकिलाकडून आत्ताच समजून घ्या, करारात लवादाचं कलम असेल तर तेही दाखवा. ‘बघतो, करतो, दिवाळीनंतर येतो’ अशा तोंडी वायद्यांनी ही मुदत थांबत नाही.

राहिले सभासद. कंत्राटदाराचा माणूस आला आणि ४०२ ला कुलूप, ३०१ वाले म्हणाले रविवारी या, असं दोनदा झालं की ते त्याच्या फायलीत जातं. पाहणीच्या तारखा तीन दिवस आधी बोर्डावर लावा, गळत्या फ्लॅटवाल्यांच्या सह्या घ्या, कुणी बाहेरगावी जाणार असेल तर किल्ली कुणाकडे ते लिहून ठेवा. एक वही घाला. दोषाचा क्रमांक, कळवल्याची तारीख, कोण आला, काय केलं, फ्लॅटधारकाची सही, कंत्राटदाराच्या माणसाची सही. ‘बंद’ हा शेरा काम झालं म्हणून मारायचा नाही. गच्चीची बाब पाण्याच्या चाचणीनंतर ‘तात्पुरती बंद’, आणि एक पावसाळा कोरडा गेल्यावर ‘बंद’. पुढच्या वर्षी समिती बदलली तरी ही वही पुढच्या सचिवांच्या हाती पडायला हवी.

या आठवड्यात एवढं करा: समितीची सभा बोलवा, नोटीस देण्याचा आणि दोन सदस्यांना पाहणीचे अधिकार देण्याचा ठराव लिहा, तोवर कुणीही दुसऱ्या कंत्राटदाराला काम देणार नाही हेही त्याच ठरावात घाला. मार्च २०२६ च्या मध्यावर अंतिम संयुक्त पाहणी धरा आणि ती तारीख आत्ताच नोटिशीच्या शेवटी लिहून टाका, म्हणजे कालावधी संपण्याआधी नवी यादी द्यायला अडीच महिने हाती राहतील. कराराची दोष, सूचना आणि रिटेन्शनची तीन कलमं आणि गॅरंटीची प्रत मला पाठवा. नोटिशीचा मसुदा जाण्याआधी मी वाचून देतो.